आतड्याचा कॅन्सर आणि पसरण्याच्या आडवाटा

गोदाकाठ
माझे धाकटे दीर निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. वय ५२. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, सिग्मॉइडमध्ये, कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन नाशिकलाच झालं, पुढे केमो झाली. त्यानंतर तब्येत चांगली होती. लिव्हर स्वच्छ, छातीचा सीटी स्वच्छ.

गोडी छाटणीच्या दिवसांत पाठ दुखायला लागली. बागेत राबणाऱ्या माणसाची पाठ दुखली तर घरात कोणी दचकत नाही. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा आणि गोळ्या दिल्या. पण या दुखण्याची तऱ्हा वेगळी होती. बागेत उभं राहून काम करताना त्रास कमी, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका सुरू. पहाटे उठून बसायचे. शेवटी एमआरआय केला, तर छातीमागच्या दहाव्या मणक्यात डाग दिसला. पेट स्कॅनमध्ये बाकी अंगात कुठेच काही नाही, तो एकच मणका.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, आतड्याचा आजार लिव्हर आणि फुप्फुस सोडून एकट्या हाडात जाणं क्वचित घडतं, त्यामुळे आधी बायोप्सी करू. ती पुढच्या आठवड्यात आहे.

धागा काढण्याचं खरं कारण सांगते. पट्टा देणाऱ्या डॉक्टरांना भाऊजींच्या कॅन्सरबद्दल काही माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, आणि पाठीच्या दुखण्यासाठी पोटाचं काय सांगायचं म्हणून भाऊजींनीही सांगितलं नाही. असं अनेक घरांत होत असणार. हा आजार नेहमीची ठिकाणं सोडून कुठे कुठे जाऊ शकतो, का जातो आणि आपण काय लक्षात ठेवायचं, हे मराठीत एका जागी असावं असं मनापासून वाटतं. जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी लिहावं.

मेनरोड
भाऊजींना लवकर आराम पडो. मी वाचतोय. माझ्या काकांचंही गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय.

सूक्ष्मदर्शक
मी पॅथॉलॉजीत काम करतो, नाशिकमध्येच. रिपोर्ट न बघता तुमच्या पेशंटबद्दल काही सांगणार नाही, पण सर्वसाधारण माहिती देतो.

आधी नेहमीची वाट. मोठ्या आतड्याचं अशुद्ध रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं. सुटलेल्या पेशींना पहिली गाळणी लागते ती लिव्हरची, म्हणून सेकंडरी, म्हणजे मूळ गाठीपासून लांब जाऊन रुजलेला आजार, सगळ्यात जास्त तिथे. त्यानंतर फुप्फुस, पोटाचं अस्तर आणि लांबच्या लसिका ग्रंथी. गुदाशयाच्या खालच्या भागाची गोष्ट थोडी वेगळी. तिथलं बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून ओटीपोटातल्या शिरांतून मोठ्या महाशिरेत जातं. त्यामुळे खालच्या गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये लिव्हर चांगलं असताना फुप्फुसात डाग सापडणं तितकं नवलाचं नाही.

आता मणका. पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं असतं, त्या शिरांना झडपा नसतात. ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये हे दाखवून दिलं. खोकताना, जोर लावताना, जड वजन उचलताना पोटातला दाब वाढतो आणि ओटीपोटातलं रक्त या जाळ्यात उलटं ढकललं जाऊ शकतं. लिव्हर आणि फुप्फुस दोन्ही टाळून मणक्यापर्यंत पोचण्याची ही एक शक्य वाट आहे. (म्हणून वजन उचलल्याने कॅन्सर पसरतो असा अर्थ कृपया काढू नका. रोजच्या खोकल्यातही हेच होतं.)

पण नुसत्या वाटेने सगळं उलगडत नाही. रक्त तर स्नायूंत भरपूर खेळतं, प्लीहेत खेळतं, तरी तिथे सेकंडरी अगदी कमी. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून म्हटलं की पेशी बियांसारख्या सगळीकडे उडतात, पण रुजतात मानवेल त्याच मातीत. पुढे १९२८ मध्ये जेम्स यूइंग यांनी उलट मांडलं: रक्तवाहिन्यांची रचनाच सगळं ठरवते. आज दोन्हींत तथ्य आहे असं मानतात. पेशी कुठे पोचणार हे बऱ्याच अंशी रक्ताचा मार्ग ठरवतो, पोचल्यावर तग धरणार का हे त्या अवयवावर आणि गाठीच्या स्वभावावर अवलंबून. के-रास जनुकात बदल असलेल्या गाठी फुप्फुसात आणि मेंदूत जास्त जाताना दिसतात. बी-रॅफ जनुकात बदल असलेल्या आणि म्युसिनस (बुळबुळीत द्रव भरलेल्या) किंवा सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या) प्रकारच्या गाठी पोटाच्या अस्तराकडे जास्त. आपल्याकडे तरुण रुग्णांत सिग्नेट रिंग प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, ही आम्हा लोकांच्या काळजीची बाब आहे.

क्वचितच्या यादीत हाडं, मेंदू, अंडाशय, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, त्वचा हे त्यातल्या त्यात अधिक भेटणारे. त्यापलीकडे थायरॉइड, प्लीहा, स्वादुपिंड, स्नायू, वृषण, जबड्याचं हाड, डोळ्याचा मागचा पडदा, हृदयसुद्धा. यातली बरीच ठिकाणं एखाद-दुसऱ्या केसच्या रूपानेच वैद्यकीय मासिकांत येतात.

पाथर्डीफाटा
माझ्या आईचं लिहिते. तिला बेंबीत छोटी कडक गाठ आली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, लालसर, मधूनच ओलसर. घरात हळद-तेल लावणं झालं, मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या मॅडमनी गाठ हाताने चाचपली आणि एकच प्रश्न विचारला, "पोटाचं कधी ऑपरेशन झालंय का? कसलं?" आईचं उजव्या बाजूच्या आतड्याचं झालं होतं. मॅडमनी मलम लिहून दिलंच नाही, त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला. आतड्याचाच निघाला.

पुढे सीटीत पोटाच्या अस्तरावरही आजार दिसला. केमो चालली, आई त्यानंतर बराच काळ आमच्यात होती, नातीचं बारसं तिने केलं. त्या एका प्रश्नाबद्दल मी त्या मॅडमचे आभार आजही मानते.

सूक्ष्मदर्शक
पाथर्डीफाटा, या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सिस्टर मेरी जोसेफ या सर्जन विल्यम मेयो यांच्या ऑपरेशनमध्ये मदतनीस असत. ऑपरेशनआधी पोटाची कातडी साफ करताना, ज्यांच्या बेंबीत अशी गाठ असते त्यांच्या पोटात आजार पसरलेला निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मेयो यांनी १९२८ मध्ये त्यावर लिहिलं आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्लिश सर्जनने गाठीला त्यांचं नाव दिलं. सीटी, सोनोग्राफी काही नसताना, रोजच्या कामात नीट बघण्यातून हाती आलेलं निदान आहे हे. मला त्याचं फार मोल वाटतं.

बेंबीतली गाठ पोटातल्या इतर कॅन्सरमध्येही येते: जठर, अंडाशय, स्वादुपिंड. त्यामुळे तुकडा तपासल्याशिवाय मूळ कुठलं ते सांगता येत नाही.

त्वचेवरची सेकंडरी बहुतेकदा पोटाच्या भिंतीवर किंवा ऑपरेशनच्या व्रणाजवळ येते. दुर्बिणीच्या ऑपरेशनची पद्धत सुरू झाली तेव्हा, १९९० च्या दशकात, छिद्रांच्या जागी गाठी येतात म्हणून सर्जन मंडळी फार धास्तावली होती. २००४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात जखमेच्या जागी आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या आणि उघड्या ऑपरेशनच्या, दोन्ही गटांत १ टक्क्याच्या आत होतं. ज्यांचं दुर्बिणीतून झालंय त्यांनी त्या भीतीत राहू नये.

द्वारका_सर्कल
बायोप्सी करू नका असं मी सांगेन. सुई लागली की आजार खवळतो आणि सगळीकडे पसरतो. आमच्या गावात दोन माणसं अशी गेली. त्यापेक्षा सिन्नरकडे एक वैद्य आहेत, काढा देतात.

निफाडची_लेक
द्वारका, गावातल्या ज्यांना उशिरा नेतात त्यांची बायोप्सी उशिरा होते, आणि मग दोष सुईला. काढ्याचा पत्ता कृपया इथे देऊ नका. मणक्यात डाग असलेल्या माणसाचा एक आठवडासुद्धा मोलाचा असतो.

सूक्ष्मदर्शक
द्वारका_सर्कल, तुमची भीती मी पेशंटच्या नातेवाइकांकडून वारंवार ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं शक्य आहे, पण ते अगदी कमी वेळा घडतं. आतड्याच्या बाबतीत एक जागा अशी आहे की जिथे डॉक्टर स्वतःच शक्यतो सुई टाळतात: लिव्हरमधला डाग, जो कापून काढता येण्यासारखा आहे आणि स्कॅनवरून ज्याच्याबद्दल शंका नाही. तिथे थेट ऑपरेशन करतात. म्हणजे धोका माहीत नाही म्हणून सुई टोचली जाते असं अजिबात नाही, प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा केलेला असतो.

क्वचितच्या जागी मात्र बायोप्सी हवीच, कारण तिथे डाग कशाचा हे डोळ्यांनी ठरत नाही. मणक्यातला एकटा डाग टीबीचा असू शकतो, आपल्या देशात तर नक्कीच असू शकतो. मायलोमा, म्हणजे हाडातल्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. वेगळाच कॅन्सर असू शकतो. प्रत्येकाचं औषध वेगळं.

आम्ही काय बघतो ते सांगतो. आतड्याचा कॅन्सर कुठेही गेला तरी बहुधा आपली ठेवण सोडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली उंच पेशींच्या कडा असलेल्या ग्रंथी दिसतात आणि त्यांच्या पोकळीत मेलेल्या पेशींचा गाळ साचलेला असतो. हाडाच्या चकत्यांमध्ये आतड्यासारख्या ग्रंथी दिसल्या की संशय बळावतो. मग पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या लावतो. सीके-२० आणि सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह, अशी जोडी आली की आतड्याकडे बोट जातं. आणि सगळ्यात उपयोगी पडते ती पहिल्या ऑपरेशनची स्लाइड, शेजारी ठेवून ताडून बघायला.

म्हणून गोदाकाठ, पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक मिळवा. टिश्यू मेणात बसवलेला असतो, बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत, कडेला नंबर असतो. जिथे तपासणी झाली तिथे पेशंटचा अर्ज, ओळखपत्र आणि जुना रिपोर्ट दाखवून मागता येतात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे. आणि कुठेही दिले तरी नंबर लिहिलेली पोच घ्या.

कॉलेजरोडकर
हे सगळं वाचून झोप उडाली. वडिलांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. त्यांचा उजवा खांदा दुखतोय. दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून टाकला तर? खर्चाचं बघता येईल. काहीतरी राहून जाण्यापेक्षा बरं.

त्र्यंबकवाट
कॉलेजरोडकर, थांबा. पेट स्कॅनमुळे आमचं काय झालं ते सांगतो. वडिलांच्या पेटमध्ये थायरॉइडला चमक दिसली. रिपोर्टमध्ये 'सेकंडरीची शक्यता' असं लिहिलेलं. घरात रडारड. बहीण पुण्याहून रात्रीच्या रात्री आली. सुईची तपासणी केली तर थायरॉइडचा स्वतःचा, पॅपिलरी प्रकारचा, वेगळा कॅन्सर. आतड्याशी काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले हा सहसा सावकाश वाढणारा असतो, चांगला आटोक्यात येतो. थायरॉइड काढली, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे, ते सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात.

म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या. चमक दिसली म्हणून चौथ्या स्टेजचा शिक्का मारून केमो सुरू झाली असती तर? सुई लावल्यामुळेच खरं कळलं.

सूक्ष्मदर्शक
त्र्यंबकवाट यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. पेट स्कॅन साखर ओढणारी जागा दाखवतो. सूज, टीबी, थायरॉइडची साधी गाठ, अनेक गोष्टी साखर ओढतात. उलट मेंदू स्वतःच एवढी साखर वापरतो की त्यातला छोटा डाग पेटमध्ये झाकला जातो, त्यासाठी एमआरआय लागतो. म्युसिनस गाठीही पेटमध्ये फिक्या दिसतात. ठरावीक काळाने पेट करत राहणं म्हणूनच कोणी सुचवत नाही.

ऑपरेशननंतरची रूढ पद्धत साधारण अशी: पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि रक्तातला सीईए (कॅन्सरच्या अनेक गाठी सोडतात ते प्रथिन), मग पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी. छाती आणि पोटाचा सीटी वर्षातून एकदा तरी, धोका जास्त असेल तर ६ महिन्यांनी. कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर वर्षभराने, ती चांगली आली तर तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. स्टेजप्रमाणे तुमचे डॉक्टर यात बदल करतील.

सीईएबद्दलही एक गोष्ट. काही गाठी हे प्रथिन सोडतच नाहीत. ऑपरेशनआधीच सीईए नॉर्मल होता त्या माणसाचा आजार उलटला तरी तो नॉर्मल राहू शकतो. आणि तंबाखू ओढणाऱ्यांचा कॅन्सर नसतानाही थोडा वाढलेला असतो. जुना आकडा कागदावर शोधून ठेवा, नव्याला अर्थ त्यामुळे येतो.

वडिलांच्या खांद्याचं मात्र दाखवा, आणि ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा.

मेनरोड
काकूंनी विचारायला सांगितलंय: बायकांमध्ये अंडाशयात जातो तेव्हा कसं कळतं?

सूक्ष्मदर्शक
पोट फुगतं, ओटीपोटात जड वाटतं, कधी पाणी होतं. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते आणि रक्तातला सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते प्रथिन) वाढलेला येतो, म्हणून ती मूळची अंडाशयाचीच वाटते. १८९६ मध्ये फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरने अंडाशयातल्या अशाच गाठींचं वर्णन केलं, त्याला त्या अंडाशयाच्याच वाटल्या होत्या. खरं तर त्या बहुतेक जठरातून आलेल्या असतात, आणि आतड्यातूनही येतात. या गाठींवर केमोचा परिणाम शरीरातल्या इतर सेकंडरींपेक्षा कमी दिसतो, त्यामुळे पेशंट झेपण्यासारखी असेल तर त्या काढण्याचा विचार करतात. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना जुनी फाईल नेलीच पाहिजे.

निफाडची_लेक
मी कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय. गोदाकाठ, मणक्याच्या पेशंटसाठी काही गोष्टी आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पायात बळ कमी वाटलं, चालताना पाय लटपटले, कमरेखाली मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, "कॅन्सरचा पेशंट आहे, मणक्यात आजार आहे, पाय गेल्यासारखे वाटताहेत" हे दारातच सांगा. स्टिरॉइड, तातडीचा एमआरआय, मग रेडिएशन किंवा ऑपरेशन. पाय चालत असताना उपचार झाले तर चालणं टिकण्याची शक्यता चांगली. एकदा पाय पूर्ण गेले की परत येणं अवघड होतं. निफाड-चांदोरीकडून रात्री गाडी कोण काढणार, हेही आत्ताच ठरवा.

हाडाची झीज रोखण्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुचवतील. त्याआधी दात दाखवून घ्या. ते चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास होऊ शकतो. किडलेला दात आधीच काढलेला बरा.

पैशाचं: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. दुसरं मत हवं असेल तर लगेच पंचवटी एक्स्प्रेस पकडून परळला धावायची गरज नाही. टाटाच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून घेता येतं. मणका दुखत असलेल्या माणसाला कसारा घाटातून हलवण्याआधी हे जरूर करा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बायोप्सी झाली. ब्लॉक मिळाले, पोच घेतली. रिपोर्टमध्ये सीके-२० आणि सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह आहे, जुन्या स्लाइडशी जुळतं. म्हणजे आतड्याचाच. मनाची तयारी होती तरी वाचताना हात थरथरले.

एकच जागा असल्यामुळे डॉक्टरांनी त्या मणक्यावर नेमकं रेडिएशन द्यायचं ठरवलंय, त्यानंतर केमो. रास आणि बी-रॅफ दोन्हींत बदल नाही आणि मूळ गाठ डाव्या बाजूची, म्हणून केमोबरोबर सेटुक्सिमॅब हे कॅन्सरच्या पेशींवर नेमकं काम करणारं औषध चालू शकेल असं म्हणाले. एमएसआयची, म्हणजे गाठीच्या पेशींत डीएनए दुरुस्तीचा बिघाड आहे का याची, तपासणीही केली, त्यात काही निघालं नाही. ते निघालं असतं तर इम्युनोथेरपीचा रस्ता होता.

दातांचं दाखवून झालं, एक दाढ काढली. ती जखम भरेपर्यंत इंजेक्शन पुढे ढकललंय. निफाडची_लेक, हे तुम्ही लिहिलं नसतं तर आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. रात्रीच्या गाडीसाठी शेजारचा पुतण्या तयार आहे.

भाऊजींच्या फाईलला आता पहिलं पान लावलंय. कोणता कॅन्सर, कुठे, कोणत्या साली, कोणतं ऑपरेशन, केमोची औषधं, ऑपरेशनआधीचा सीईए, ब्लॉकचे नंबर. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले तरी ते पान आधी द्यायचं, असं जाऊबाईंनी त्यांना बजावलंय.

द्वारका_सर्कल
वाचलं. गावातल्या त्या दोघांच्या घरच्यांशी बोललो, दोघांनाही उशिरा नेलं होतं. भाऊजी बरे होवोत.

कॉलेजरोडकर
वडिलांना दाखवलं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना आधी ऑपरेशनचं सांगितलं. त्यांनी एक्स-रे आणि खांद्याचा एमआरआय केला, डायबिटीसमुळे होणारा फ्रोझन शोल्डर आहे. व्यायाम दिलाय. पेट स्कॅन केला नाही. पुढच्या महिन्यात सीईए आणि सीटी ठरलेलाच आहे.

गोदाकाठ, त्या पहिल्या पानाचा नमुना नाव काढून इथे टाकाल का? मला आणि मेनरोड यांच्या काकांना दोघांनाही लागेल.

गोदाकाठ
आज रात्री टाकते. सूक्ष्मदर्शक, तुम्ही एकदा नजर घालाल का, काही राहिलं असेल तर?

सूक्ष्मदर्शक
नक्की. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमधला गाठीचा प्रकार आणि किती लसिका ग्रंथी तपासल्या, त्यातल्या किती पॉझिटिव्ह, या दोन ओळीही त्यात घाला.